मुळशीची वाट आणि तेलाचा थेंब

मुलांनो, सहलीला निघायच्या आदल्या दिवशी तुमच्या घरी काय चाललेलं असतं? चिवड्याचे डबे भरले जातात, पाण्याच्या बाटल्या शोधल्या जातात, "माझी टोपी कुठंय?" म्हणून घर डोक्यावर घेतलं जातं. पण ज्या गाडीतून आपण जाणार, तिच्या पोटाखाली वाकून बघायचं कुणाच्या लक्षात येतं का? या वेळी मी तुम्हांला मुळशीला नेणार आहे. मात्र गाडीत बसायच्या आधी आपल्याला थोडा वेळ गाडीखाली डोकवायचं आहे. कंटाळू नका हं! ही एका चोराला पकडण्याची गोष्ट आहे.

आधी मुळशी कुठे आहे ते बघू. पुणे जिल्ह्याचा नकाशा काढा. पुणे शहराच्या पश्चिमेला सह्याद्रीला टेकलेला जो भाग दिसतो, तो मुळशी तालुका. त्याचं मुख्य ठिकाण पौड. पुण्याहून चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावं मागे टाकत आपण पौडला पोचतो. पुढे मुळशीचा विस्तीर्ण जलाशय लागतो आणि त्याच्या कडेकडेने रस्ता ताम्हिणी घाटाकडे जातो. घाट उतरला की कोकण! पावसाळ्यात इथे असा काही पाऊस कोसळतो, की समोरचा डोंगरसुद्धा दिसेनासा होतो.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरवलं. माझ्या मामांकडे तीस वर्षांपेक्षा जुनी एक डिझेल जीप आहे. मी, माझी पाचवीतली मुलगी, मामा आणि त्यांचा आठवीतला नातू असे चौघं. ताम्हिणीच्या रस्त्याने निवेपर्यंत जायचं, तिथून भांबुर्ड्याच्या बाजूला वळायचं आणि तैलबैलाच्या भिंती बघून यायच्या, असा बेत. त्या बाजूच्या काही आडवाटा दगडधोंड्यांच्या. साधी मोटार तिथे पोट घासते. जीपचं मात्र तसं नाही.

जीप म्हणजे काय चीज आहे, ठाऊक आहे? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सैन्यासाठी ही छोटी, काटक गाडी बनवली. युद्धाच्या काळात अशा सहा लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. आपल्याकडे १९४७ साली मुंबईत विलीज जीपचे सुटे भाग आणून ते जोडायला सुरुवात झाली, ती महिंद्र कंपनीने. नेहमीच्या मोटारीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. जीपमध्ये एक जादाचा दांडा असतो. तो टाकला की चारही चाकं जोर लावतात. मागची दोन चिखलात फसली तरी पुढची दोन ओढून काढतात. बैलगाडीला चढावर दुसरी बैलजोडी जुंपावी ना, तसंच!

तर निघायला चार दिवस राहिले होते. जीप जिथे उभी असते, तिथल्या फरशीवर तळहाताएवढा काळा डाग दिसला. दुसऱ्या दिवशी तो ताटाएवढा झाला. इंजिनातून तेल गळत होतं!

मामा म्हणाले, "जुन्या गाडीचं असंच असतं गं. तेलाचा डबा बरोबर घेऊ. कमी झालं की ओतू. झालं!"

ओळखीच्या मिस्त्रीकाकांना बोलावलं होतं. त्यांनी मान हलवली. "साहेब, डब्यातलं तेल तुम्ही इंजिनात ओताल. पण रस्त्यावर सांडलेलं परत डब्यात कसं भराल?"

काकांचा हा प्रश्न मला फार आवडला. तुम्हीही जरा विचार करा. इंजिनात तेल कशासाठी असतं? आतले लोखंडी भाग मिनिटाला हजारो वेळा एकमेकांवरून सरकतात. त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ पदर असतो, म्हणून ते झिजत नाहीत. तेल त्यांची उष्णता वाहून नेतं आणि काजळी, धातूचा चुरा आपल्याबरोबर घेऊन गाळणीपर्यंत पोचवतं. तेल फार कमी झालं तर भाग घासतात, तापतात आणि इंजिन चक्क जाम होतं. घाटाच्या मध्यावर, जिथे फोनला रेंजसुद्धा मिळत नाही, तिथे असं झालं तर?

पण हा झाला आपला तोटा. दुसऱ्यांचा तोटा याहून मोठा असतो. ओल्या रस्त्यावर तेल सांडलं की ते पाण्यावर पसरतं आणि रस्ता साबणासारखा निसरडा होतो. मागून दुचाकीवरून कुणाचे तरी बाबा येत असतात. वळणावर त्यांचं चाक सटकलं, तर ते कशामुळे सटकलं हे आपल्याला कधी कळणारही नाही. आपण तर केव्हाच पुढे गेलेलो असतो!

मुलांनी मग गणित मांडलं. इंजिन चालू असताना दर दोन सेकंदांना एक थेंब पडत होता, म्हणजे मिनिटाला ३० थेंब. एका सिरिंजमध्ये तसंच तेल घेऊन आम्ही थेंब मोजले. ३० थेंबांचं साधारण १ मिलिलिटर भरलं. म्हणजे तासाला ६० मिलिलिटर. जाऊन-येऊन सहा तास इंजिन चालणार, असं धरलं तर ३६० मिलिलिटर. चहाचे तीन-चार कप तेल!

"एवढंच?" नातू म्हणाला.

मग मी त्यांना बेंजामिन फ्रँकलिनची हकिगत सांगितली. आकाशातल्या विजेचा अभ्यास करणारे तेच हे शास्त्रज्ञ. लंडनजवळच्या क्लॅपहॅम इथल्या तळ्यात त्यांनी जेमतेम चमचाभर तेल टाकलं होतं. ते पसरत पसरत सुमारे अर्धा एकर पाण्यावर गेलं आणि वाऱ्याने उठणाऱ्या लाटा तिथे शांत झाल्या. १७७४ साली हा प्रयोग छापून आला. अर्धा एकर म्हणजे आपले २० गुंठे. एका चमच्यात ५ मिलिलिटर धरले तर ३६० मिलिलिटरचे ७२ चमचे होतात. ७२ गुणिले अर्धा, म्हणजे ३६ एकर! इंजिनाचं तेल फ्रँकलिनच्या तेलाइतकं पातळ पसरत नाही, हे खरं. तरी डबक्यावर तरंगणारा इंद्रधनुष्यी तवंग तुम्ही पाहिला असेलच. तो किती थोड्या तेलाचा असतो, याचा अंदाज यावरून येतो. मुळशीत रस्त्यावर जे सांडतं, ते पहिल्या पावसाबरोबर उतारावरच्या भातखाचरांत आणि तिथून ओढ्यांवाटे जलाशयात जातं. तिथली गुरं तेच पाणी पितात.

नातू पुढे काही बोलला नाही. त्याने गुपचूप बाह्या सरसावल्या.

आता चोर शोधायचा. जीप सपाट जागेवर घेतली, हँडब्रेक ओढला, चाकांच्या पुढे-मागे दगड लावले. मिस्त्रीकाकांनी सगळ्यात आधी काय केलं? पाना हातात घेतला नाही. रद्दीचे कागद मागितले! ते जीपच्या खाली पसरून रात्रभर ठेवले. सकाळी कागदावर डागांचा नकाशाच तयार झाला होता. इंजिनाच्या मागच्या टोकाखाली मोठा काळा डाग, आणि मागच्या आसाच्या मध्यावर रुपयाएवढा तपकिरी, उग्र वासाचा डाग. काळं ते इंजिनाचं तेल. दाट, तपकिरी आणि वासाचं ते गिअरचं. रंग आणि वास यांवरून मिस्त्री लोक तेल ओळखतात. डॉक्टर नाडी बघतात ना, तसं.

मोठा डाग बघून मामांचा चेहरा पडला. "मागचं ऑइल सील गेलेलं दिसतंय. गिअरबॉक्स उतरवावा लागणार. मग कसली सहल नि काय!"

"थांबा साहेब," काका म्हणाले, "थेंब जिथे पडतो, तिथेच गळती असते असं नाही. तेल वरून खाली येतं. पावसाळ्यात छत एका कोपऱ्यात गळतं, पण कौल फुटलेलं असतं दुसरीकडेच."

डिझेल आणि ब्रश घेऊन त्यांनी इंजिन धुऊन काढलं. खालचं काळं डिझेल पसरट पत्र्याच्या ताटात धरलं, जमिनीवर सांडू दिलं नाही. इंजिन पुसून कोरडं केलं. आणि मग काका माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, खडू आहे का?"

शिक्षिकेच्या घरी खडूला काय तोटा! माझ्या मुलीने तीन पांढरे खडू कुटून भुकटी केली. काकांनी ती इंजिनावर ब्रशने भुरभुरली. काळं इंजिन एकदम पांढरं झालं. मग मुलांना दूर उभं करून मामांनी इंजिन सुरू केलं. (चालू इंजिनाजवळ पंखा आणि पट्टा फिरत असतात. सैल कपडे, ओढणी, मोकळे केस घेऊन तिथे कधीही जायचं नाही, बरं का!)

दहा मिनिटांनी इंजिन बंद केलं. बॅटरी घेऊन मुलं वाकली, आणि मुलगी ओरडली, "सापडला!"

इंजिनाच्या अगदी वर एक पत्र्याचं झाकण असतं. त्याला टॅपेट कव्हर म्हणतात. त्याच्या मागच्या कोपऱ्यातून पांढऱ्या भुकटीवर एक काळी रेघ निघाली होती. ती इंजिनाच्या पाठीवरून ओघळत थेट तळाशी गेली होती. गळती वर होती आणि थेंब खाली! गिअरबॉक्सला हात लावायची गरजच नव्हती. मामांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये बुचाच्या लाकडाची पट्टी असते. तिला पॅकिंग म्हणतात. ती कडक होऊन चिरली होती. "आता नवीन पॅकिंग टाकलं की झालं ना?" नातवाने विचारलं.

"हे वर्षापूर्वीच तर बदललं होतं," मामा म्हणाले.

"मग एवढ्यात का गेलं, ते शोधायला नको?" काका म्हणाले. मुलांनो, चांगला कारागीर इथेच ओळखू येतो. काय बिघडलं हे तर तो बघतोच, पण का बिघडलं हेही विचारतो.

इंजिनात इंधन जळतं तेव्हा थोडा वायू आतल्या आत खाली निसटतो. तो बाहेर पडायला एक नळी ठेवलेली असते. तिचं नाव ब्रीदर, म्हणजे इंजिनाचं नाकच म्हणा! काकांनी ती नळी काढली. फुंकर मारायला गेले तर हवा जाईना. आत तेल आणि काजळीचा चिकट गाळ घट्ट बसला होता. कुकरची शिट्टी चोंदली तर काय होतं? वाफ रबराच्या कडेने फुसफुसायला लागते. तसंच इथे झालं होतं. वायूला वाट मिळेना, म्हणून तो तेलाला पॅकिंगमधून बाहेर ढकलत होता. नुसतं पॅकिंग बदललं असतं, तर थोड्या महिन्यांनी पुन्हा हाच डाग!

नळी डिझेलमध्ये भिजवून, तारेने खरवडून साफ केली. झाकणाचे नट मुलीने ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ताटलीत मांडून ठेवले. हे तिचं काम. जुनं पॅकिंग बोथट पात्याने खरवडलं. त्याचा एकही कण इंजिनात पडू नये म्हणून आत स्वच्छ फडका अंथरला होता. झाकणाच्या कडेला नातवाने आपली स्टीलची पट्टी लावून पाहिली. कड दोन ठिकाणी वाकलेली! आधी कुणीतरी नट ताकद लावून फार आवळले होते. काकांनी लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून, हलक्या हातोडीने कड सरळ केली.

नवीन पॅकिंग बसवलं. नट एकदम एकच आवळला नाही. थोडा हा, थोडा समोरचा, पुन्हा हा. रांगोळीचे ठिपके जोडावेत तसं आलटून पालटून. "गळतंय म्हणून माणूस जास्त आवळतो आणि जास्त आवळलं म्हणून ते जास्त गळतं," काका हसत म्हणाले. शेवटी गजावरच्या दोन खुणांच्या मध्ये येईल इतकंच तेल भरलं. वरच्या खुणेपेक्षा जास्त तेलही चांगलं नसतं.

पुन्हा खडूची भुकटी, पुन्हा इंजिन सुरू. पांढरं ते पांढरंच राहिलं! मग मामा पिरंगुटपर्यंत जीप चालवून आले. खाली नवीन कागद टाकला. सकाळी इंजिनाखाली कागद कोरा. मागच्या आसाखाली मात्र अजून इवलासा डाग होता. काकांनी बोट लावून पाहिलं. "ही नुसती ओल आहे. थेंब धरत नाही. गिअरचं तेल पुरेसं आहे, मी पाहिलंय. आल्यावर तेही सील बदलू. तोवर लक्ष ठेवा." खाली त्यांनी एक फडका बांधून दिला. मोठा दोष कोणता, लहान कोणता, हेही कळावं लागतं.

आणि ताटातलं ते काळं डिझेल, जुनं तेल? ते गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नसतं. त्यात धातूचे विषारी अंश असतात. आम्ही ते बंद डब्यात भरून काकांकडे दिलं. त्यांच्याकडे साठलेलं तेल परवानाधारक कारखान्यात शुद्ध करायला जातं.

एका दिवसाने उशीर झाला, पण निघालो! पौडच्या पुढे भातकापणी चालली होती. हा आंबेमोहोर तांदळाचा मुलूख. भात शिजला की आंब्याच्या मोहोरासारखा वास येतो, म्हणून हे नाव. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. झोडपणीच्या खळ्यावरून तो वास थेट जीपमध्ये येत होता.

मग जलाशय दिसला. निळाशार, डोंगरांच्या बोटांमधून आत आत शिरलेला. मुलं टाळ्या पिटायला लागली. पण मुलांनो, या पाण्याखाली काय आहे, ते ठाऊक असायला हवं. इथे मुळा नदीच्या खोऱ्यात गावं होती, देवळं होती, भाताची खाचरं होती. मुंबईला वीज देण्यासाठी टाटांच्या कंपनीने इथे धरण बांधायला घेतलं. शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ या दिवशी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे पांडुरंग महादेव बापट त्याचे नेते झाले. माणसं, बायका कामाच्या जागी जाऊन बसल्या, तुरुंगात गेल्या. बापटांनीही तुरुंगवास सोसला. 'सेनापती' हे नाव त्यांना याच लढ्याने दिलं. धरण थांबलं नाही. लढा मात्र धरणामुळे उठणाऱ्यांच्या जगातल्या पहिल्या लढ्यांपैकी एक म्हणून आजही अभ्यासला जातो.

या पाण्याची आणखी एक गंमत ऐका. मुळा नदी पूर्वेला वाहते. पुण्यात मुठेला, मग भीमेला, मग कृष्णेला मिळून तिचं पाणी बंगालच्या उपसागराला जायचं. पण इथे अडवलेलं पाणी बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला, सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला सोडतात. तिथलं वीजकेंद्र १९२७ साली सुरू झालं. वीज करून झालेलं पाणी कुंडलिका नदीतून रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळतं. एका समुद्राचं पाणी दुसऱ्या समुद्राला! कोलाडला कुंडलिकेत रबरी होड्यांची सफर करतात ना, ती या सोडलेल्या पाण्यावरच.

निव्याहून आम्ही वळलो. आडवाटेला मामांनी जादाचा दांडा टाकला आणि जीप खडकांवरून म्हशीसारखी संथ, डुलत चढली. थोड्या वेळाने तैलबैला दिसला. पठारावर उभ्या केलेल्या दोन प्रचंड काळ्या भिंती! साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला सह्याद्रीचा लाव्हा पसरत होता. जमिनीच्या उभ्या भेगेत तो भरला आणि थिजून कठीण झाला. भोवतीचा मऊ खडक ऊन-पावसाने झिजून गेला, ही कठीण भिंत उरली. "म्हणजे हीसुद्धा गळतीच!" नातू म्हणाला. आम्ही सगळे पोट धरून हसलो. पण खोटं कुठे होतं ते?

जिथे जिथे थांबलो, तिथे तिथे मुलांनी इंजिनाखाली कागद सरकवला. पिठलं-भाकरी खाऊन होईपर्यंत कागद कोराच. संध्याकाळी जलाशयाच्या काठाने परतताना एक गुराखी गुरांना पाण्यावर घेऊन आला होता. गुरं शांतपणे पाणी पीत होती. मुलं कितीतरी वेळ बघत राहिली.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या घरी स्कूटर, मोटारसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर, काहीही असो. आज रात्री तिच्याखाली जुना कागद पसरा. सकाळी डाग असेल तर तो कुठे आहे, कोणत्या रंगाचा आहे, हे वहीत लिहा आणि आई-बाबांना दाखवा. स्वतः पाना घेऊन बसू नका. जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर मुळीच जाऊ नका. मोठी माणसंसुद्धा खाली भक्कम घोडी लावल्याशिवाय जात नाहीत. कागद, खडू, वही-पेन्सिल आणि डोळे, एवढी हत्यारं तुम्हांला पुरे आहेत. आणि कुणी म्हणालं, "थेंबभर तर गळतंय!" तर त्याला विचारा, "मिनिटाला किती?"